उंडीच्या खुंटापासून मोजणी

मिठागर मोजायला मोजणीदार यायचा होता, त्या सकाळी सगुणाने ठेवणीतलं लुगडं नेसलं. मिठागर हातचं जाणार होतं. पण रडक्या तोंडाने उभी राहील तर ती सगुणा कसली!

सासऱ्याने मरणाआधी अलिबागला जाऊन मिठागर धाकट्या दयारामच्या नावे रजिस्टर केलं होतं. राबला मात्र थोरला धर्मा, सगुणाचा नवरा. आदल्या साली तो वारला आणि सन १९३१च्या दिवाळीत दयारामने कागद बाहेर काढला.

आला तोही राजाच्या थाटात. जरीची टोपी, नवा कोट, काखेत कागदाची सुरळी.

"वयनी, सरकारी शिक्का हाय. माजा इलाज न्हाय."

"मोजा की, भावजी. कोट तेवढा जपा, चिखलाला नवं-जुनं कलत न्हाय."

मोजणीदाराने कागद वाचला. "उत्तरेस उंडीचं झाड, पश्चिमेस पाणी सोडायची उघाडी. कुठंय झाड?"

सगुणाने बांधापलीकडे बोट दाखवलं. ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीत एक काळा खुंट आणि उघाडीचे दोन दगड दिसत होते.

सासऱ्याने चतुःसीमा आपल्या बापाच्या कागदावरून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. ते आगर तर कधीच उधाणाने गिळलेलं! आताचं मिठागर मागच्या पडीक जागेत धर्मा-सगुणाने टोपली टोपली माती टाकून उभं केलेलं.

खुंटापासून साखळी ताणली गेली. "कागदाप्रमाणे तुमचं मिठागर हे," मोजणीदार म्हणाला.

साखळीमागे गेलेला दयाराम गुडघाभर चिखलात, आणि भरती लागलेली.

"मंग बांधाच्या आतलं कोनाचं?"

"ते तुमच्या कागदात नाही."

बांधावर जमलेल्या गावकऱ्यांत हशा पिकला. सगुणाही पोटभर हसली, मग पदर खोचून तिने हात पुढे केला.

"या वर, न्हायतर तुमच्या आगराचा ताबा खेकडे घेतील. आनि हितला रिवाज ठाव हाय ना? ज्याची टोपली बांधावर, त्याचा वाटा आगरात."

दयाराम तो हात धरून वर आला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला, ठमीला, घेऊन आला. दोघांच्या डोक्यावर टोपल्या होत्या, कोट घरी होता.

त्या हंगामाचं मीठ निघाल्यावर दीर-भावजय अलिबागला गेली. नवा कागद व्हायचा होता, आधी सगुणाचं नाव, मागे दयारामचं. लिहिणाऱ्याने चतुःसीमा विचारल्या.

"आदी गावाला चला," सगुणा म्हणाली. "भरतीची खाडी कुटवर येते ती दावते, मंग लिवा."