नसीमला आवडतं ते बिरडं

मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसलं की बोटांना एक कडसर, ओलसर वास चिकटतो आणि तो दुपारभर जात नाही. भात कापून झालं की आमच्याकडे त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. मग थंडी सरता सरता शेंगा भरतात, आणि वर्षभर पुरतील एवढे वाल डब्यांत जाऊन बसतात. या स्वयंपाकघरात आजवर मी जेवढे वाल सोलले असतील, त्यातले निम्मे तरी नसीमसाठी सोलले आहेत. नसीमला माझ्या हातचं वालाचं बिरडं फार आवडतं, समोर मटण असलं तरी ते बाजूला सारून ती बिरडं घेते, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तोंड उघडायच्या आत माझी मुलं ते वाक्य पुरं करतात. आज पुन्हा वाल सोलायला घेतले आहेत, पण हात चालत नाहीत. गेल्या रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी बाहेर जेवायला गेलो होतो, आणि त्या जेवणाने माझ्या या बढाईतली सगळी हवा काढून घेतली.

आम्ही चौघी मोहोपाड्याच्या एकाच शाळेत शिकवत आलो. नसीम गणिताची, सुलभा संस्कृतची, वैशाली भूगोलाची आणि मी मराठीची. रसायनीच्या कारखान्यांचा तो विशिष्ट वास, जो पाहुण्यांना नाक दाबायला लावतो आणि आम्हाला गावाहून परतल्यावर घरी आल्यासारखं वाटायला लावतो, त्या वासात आमच्या केसांना चांदी चढली. आता नसीम निवृत्त झाली आहे, आणि महिनाअखेरीस म्हसळ्याकडच्या आपल्या सासरच्या घरी कायमची राहायला जाते आहे. तिला निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं तेव्हा मीच पुढे सरसावले. अशा कामात मला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला आवडत नाही. काहीतरी वेगळं, तिच्या कायम लक्षात राहील असं करायचं होतं मला.

कर्जतहून खोपोलीकडे येताना, पळसदरीच्या आसपास, एका मुंबईकर जोडप्याने आंब्याच्या बागेत छोटंसं फ्रेंच बिस्ट्रो काढलं आहे. भाचीने सांगितलं की तिथे आपण काही मागवायचंच नसतं. त्या दिवशी जे ठरलेलं असेल ते एकामागून एक समोर येतं, आणि आपण नुसतं बसून जेवायचं. मला ही कल्पना फारच भावली. कुणाला काय हवं यावरून होणारी चर्चा नाही, कुणाचं कमी-जास्त नाही, आपल्या पंगतीसारखंच सगळ्यांच्या पानात सारखं. फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे विचारलं, तुमच्यापैकी कुणाला काही चालत नाही का? मी सुलभाबद्दल भरभरून सांगितलं. ती शुद्ध शाकाहारी, अंडंही नको, तिच्यासाठी भांडं निराळं असू द्या, आणि रस्सा कशाचा आहे ते आधी बघा. हे सगळं तिच्याकडून पुन्हा वदवूनही घेतलं. आणि मग, मोठ्या उदारपणे म्हणाले, बाकी आम्हा तिघींचं काही नाही हो, आम्ही सगळं खातो.

ते वाक्य तेव्हा माझ्या जिभेवरून किती सहज घसरलं! जेवणाऱ्या माणसांसाठी माझ्या मनात दोनच खण होते, एक शाकाहाराचा आणि एक मांसाहाराचा, आणि नसीमला मी न विचारता दुसऱ्या खणात ठेवून दिलं होतं.

रविवार मोठा सुंदर उजाडला. कोवळी थंडी होती, पेंढ्याच्या उडव्यांवर ऊन पिवळंधमक पडलं होतं, आणि बागेत शिरताच नुकत्या फुटलेल्या मोहोराचा तो गोड, किंचित डोकं जड करणारा वास आला. झाडाखाली पांढरं कापड घातलेलं टेबल, समोर घाटाचा निळसर कडा. गाडी चालवून आणणारी वैशाली हात वर करून आळस देत म्हणाली, "हितं तर आमी गुरं चारायचो गं लहानपणी, आता काटे-चमचे धरायचे!" ती खालापुराजवळच्या एका बौद्धवाडीतली, वर्गात तिची भाषा अगदी पुस्तकी, पण बाहेर पडली की तिच्या तोंडी तिचं गाव येतं. नसीमने जांभळी नवी साडी नेसली होती, आणि ती आपल्या निरोपाच्या जेवणाला येतानाही आमच्या तिघींसाठी तांदळाची गोड, वाफवलेली सांदणं करून घेऊन आली होती. मी तिला दटावलं की आजच्या दिवशी तू फक्त जेवायचंस.

आधी कांद्याचं सूप आलं. मालकीणबाई स्वतः येऊन प्रत्येक पदार्थाची कुंडली सांगत होत्या. कांदा तासन् तास मंद आचेवर परतलेला, मग त्यात व्हाइट वाइन, वर पाव आणि वितळलेलं चीज. मी मान डोलावत होते, जणू माझं अर्धं आयुष्य पॅरिसमध्ये गेलं आहे. नसीमने चमचा बुडवला, वर उचलला आणि तो तसाच वाटीत परत ठेवला. मला वाटलं, भाजलं असेल. ती पावाला लोणी लावून खाऊ लागली, आणि पावाची टोपली रिकामी झाली तेव्हा तिनेच ती पुन्हा मागून घेतली. दरम्यान मी उठून उभी राहिले आणि घरून तयार करून आणलेलं छोटंसं भाषण केलं. इतकी वर्षं ईदला, संक्रांतीला, कुणी आजारी पडलं तर, कुणी पास झालं तर, तू आम्हाला खाऊ घातलंस नसीम, आज आमची पाळी आहे, आज तुला पोटभर खाऊ घालायचं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नसीमनेही.

मग कोंबडी आली. गर्द तांबडा, चकाकणारा रस्सा आणि त्यात लहान अख्खे कांदे. मालकीणबाई अभिमानाने म्हणाल्या की हे रात्रभर रेड वाइनमध्ये मुरवून त्यातच शिजवलेलं आहे. ते शब्द ऐकताना माझी नजर सहज समोर नसीमकडे गेली. ती हसत होती, अगदी छान हसत होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते. टेबलाशी बसल्यावर ज्याला जेवायचं असतं त्याचे हात मांडीवर नसतात. त्या क्षणी मला सगळं कळलं. सूप भाजलं नव्हतं. पाव आवडला म्हणून टोपली पुन्हा मागवली नव्हती. जिच्यासाठी हे जेवण होतं तीच जेवत नव्हती, आणि कोंबडी कुणी आणि कशी कापलेली होती, हलाल होती की नाही, हा प्रश्न तर माझ्या डोक्यात अजून उगवलाही नव्हता.

नसीमने माझा चेहरा वाचला. तिने मान अगदी थोडीशी हलवली, राहू दे अशा अर्थाने. आणि मी राहू दिलं. माझी लाज खरं तर इथून सुरू होते. चूक कुणाच्याही हातून होते. पण ती कळल्यावर मी उठून आत जायला हवं होतं, या माझ्या मैत्रिणीसाठी साधं काहीतरी करून द्या असं म्हणायला हवं होतं. सुलभासाठी वेगळ्या भांड्यात केलेली मलईतली अळंबी समोरच होती, तीच आणखी एक बशी मागता आली असती. पण माझं भाषण नुकतंच झालं होतं, टाळ्या नुकत्याच वाजल्या होत्या, आणि आपला बेत फसला हे चारचौघींत कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. तिने मान हलवली तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. हे लिहितानाही मला कुणाच्या नजरेला नजर देऊ नये असं होतं आहे.

"माझं पोट तर सुपानेच भरलं गं," म्हणत तिने आपली कोंबडी वैशालीच्या ताटात सरकवली. सुलभाने आग्रह केला म्हणून अळंबीचे दोन तुकडे घेतले. शेवटी कॅरमल कस्टर्ड आलं, ते मात्र तिने खाल्लं. काचेच्या वाटीचा तळ चमच्याने खरवडून खरवडून खाल्लं. तो बारीक किणकिणाट मी ऐकत होते, आणि मोहोर यंदा लवकर आला नाही का, असं काहीतरी सुलभाशी बोलत होते.

परतताना खोपोलीच्या शिळफाट्याला वैशालीने कुणी न सांगता गाडी थांबवली, उतरली, आणि कागदात बांधलेले दोन गरम वडापाव आणून थेट नसीमच्या हातात दिले. सुलभा हसायला लागली, एवढं साग्रसंगीत जेवून पुन्हा वडापाव! नसीम म्हणाली, "अगं, तिखट काहीच नव्हतं ना त्यात, तोंड आळणी झालंय." आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले. मागच्या सीटवरून हिरव्या मिरचीचा आणि तळणीचा वास आला आणि ती किती भराभर खात होती ते मागे न वळताही मला समजलं.

त्या दोघींना सोडल्यावर गाडीत वैशाली आणि मी उरलो. माझ्या कॉलनीचं वळण आलं तेव्हा तिने गाडी हळू केली. मग म्हणाली, "तुला आज समजलं, नाय?"

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे?

"लय आधीपासून. ती घरून जेवून येते गं. शाळेची पार्टी असू दे, कुणाचं लग्न असू दे. आज लवकर निघालो, तिला जमलं नसंल." रस्त्यावरची नजर न काढता ती पुढे म्हणाली, "आमी बघतो. माझ्या आईला सवय होती. घरात कोण आलं का ती त्याच्या तोंडाकडं नाय, ताटाकडं बघायची. हात लावतोय का नुसता चिवडतोय. ती सवय मलापन लागली."

वैशालीच्या आईच्या घरी मी एकदा गेले होते, वास्तुशांतीसारखं काही नसताना सहज, आणि तिथे माझ्यासमोर काय ठेवलं होतं, मी ते खाल्लं होतं की नाही, हे मला काही केल्या आठवेना. तिला आठवत असणार. विचारायचं धैर्य मात्र झालं नाही.

घरी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि बिरड्याचं कोडं आपोआप सुटत गेलं. नसीम पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली तेव्हा मी मोठ्या हौसेने मटण केलं होतं, कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या दुकानातून आणून, आणि घरात होतं म्हणून बाजूला थोडं बिरडं. तिने हसत म्हटलं होतं की मटण काय आमच्याकडे नेहमीचंच, मला तुझं हे बिरडं वाढ. मी हरखून गेले होते. तेव्हापासून ती यायची तेव्हा बिरडं, आणि दर वेळी मटणाचं पातेलं तिच्यासमोरून न उघडता जायचं. माझ्या पाककौशल्याची एवढी मोठी कीर्ती मी त्या न उघडलेल्या पातेल्यावर उभी केली होती. मी तिच्याकडे संकष्टीला गेले तर न सांगता साबुदाण्याची खिचडी समोर येते. श्रावणात तिच्या घरातला डबा माझ्यासाठी वेगळा निघतो, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो. माझं पंचांग तिला पाठ आहे. तिचा एक साधा नियम मला ठाऊक नव्हता, आणि तो तिने मला कळूही दिला नाही, कारण कळला असता तर मला ओशाळं वाटलं असतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ती इतकी वर्षं बिरडं खात आली.

दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवून दिला. माफी मागायची तर ती काय म्हणून मागायची? मग काल केला, आणि एवढंच विचारलं, "नसीम, जाण्याआधी परवा आमच्याकडे जेवायला ये. मटण कुठून आणू?"

ती हसली, पण नेहमीसारखी मोकळी नाही, म्हणाली, "आमच्या नेहमीच्या दुकानातून मीच घेऊन येते गं, सकाळीच येते, मिळून करू." फोन ठेवता ठेवता घाईने पुढे म्हणाली, "आणि बिरडंही कर हां. तुझ्या हातचं बिरडं आवडतं मला."

म्हणून हे वाल. पाणी गार झालं आहे, सालं एका बाजूला साचली आहेत, आणि बोटांना तो कडसर वास पुरता बसला आहे. उद्या ती जेवायला बसेल तेव्हा मी भाषण करणार नाही, आग्रहसुद्धा करणार नाही. दोन्ही पातेली उघडून तिच्यासमोर ठेवीन आणि वैशालीची आई बघायची तशी ताटाकडे बघत बसेन. तिचा हात आधी कशाकडे जातो, ते मला बघायचं आहे. आणि तो बिरड्याकडेच गेला, तर तो तिच्या आवडीने गेला की पुन्हा माझ्यासाठी, हे मला अजूनही ओळखता येईल की नाही, कोण जाणे.