बोअरचं पाणी चार फूट वर

मार्चमधला दुसरा शनिवार, हर्सूलच्या पुढचा एक पेट्रोल पंप. हजर तिघं: पाण्याचा नमुना घ्यायला गेलेली मी, पंपाचे मॅनेजर आणि शेजारच्या गोठ्याच्या मावशी. आज घरी टँकरच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास आला आणि तो दिवस आठवला. पंपाची जमिनीखालची टाकी गळून मावशींच्या विहिरीत डिझेल उतरलं होतं. सफाई चालू होती आणि तपासणीसाठी पंप आणि विहिरीच्या मध्ये एक बोअर घेतला होता. त्यातला नमुना चांगला निघाला की सफाई थांबणार होती. मी बोअरमध्ये मोजपट्टी सोडली. मावशींची विहीर तळाला गेलेली, आणि बोअरचं पाणी मात्र मागच्या महिन्यापेक्षा चार फूट वर! थोडं उपसलं, तर डिझेलऐवजी ब्लिचिंगचा वास. बाहेरचं पाणी आत सोडलं असणार. "काल इथं टँकर आला होता का?" मी विचारलं. "झाडांना मागवला मॅडम," मॅनेजर हसले. मावशी फणकारल्या, "दोन कुंड्यांना अख्खा टँकर? लई तहान हाय म्हणायची तुमच्या तुळशीला! बाई, माझ्या म्हशी विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नायत, एवढं लिवा." मी ते लिहिलं, वासही लिहिला; पण अहवालाची तारीख चुकायला नको म्हणून नमुना तोच नेला. तो स्वच्छ ठरला आणि आठवड्यात सफाईचं यंत्र उचललं गेलं. माझ्या वहीत त्या पानावरच्या करायच्या कामांतली एक ओळ अजून खोडायची राहिली आहे: आधी न कळवता जाऊन पुन्हा नमुना घेणे.