तीनशे पानं आणि नाव नाही: डेकोराची एक फेरी

बाबांचं आठवणींचं पुस्तक लिहून झालं होतं. नाव नव्हतं.

साताऱ्यात त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ते वाटायचं होतं. छपाईचं संजय बघत होता. संजय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा, अप्पांचा मुलगा. त्याचा निरोप आला: रविवारी सकाळी दहाला कव्हर मशीनवर जातंय. तोवर नाव आलं नाही तर फॅमिली ग्रुपवर ज्याला जास्त मतं आहेत ते टाकतो.

आघाडीवरच्या नावात मोरपीस होतं आणि सुगंधही होता. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मोरपिसाशी त्यांचा संबंध आला नाही.

"कुठेतरी जाऊ," ते म्हणाले. "घरात बसून सुचत नाही."

शनिवारी सकाळी सातला मिनेसोटातलं आमचं ईडन प्रेरी सोडलं. मी, बाबा आणि माझी पंधरा वर्षांची ईरा. आयोवातलं डेकोरा पावणेतीन तासांवर आहे, जाऊनयेऊन एक टाकी पेट्रोल पुरतं. रॉचेस्टरनंतर हायवे ५२ वळणं घ्यायला लागतो. मिनेसोटात वळण दिसलं की मला उगाच आनंद होतो. हार्मनीजवळ मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या काळ्या घोडागाड्या भेटतात. तिथे वेग कमी ठेवा. बाबांनी प्रत्येक गाडीला नमस्कार केला. दोघांनी उलट हात केला. थालीपिठं रेस्ट एरियात संपली.

डेकोरा नॉर्वेहून आलेल्यांचं गाव. बेकरीत क्रिंगला मिळतो, म्हणजे गोड, मऊ कडं.

"कडबोळं आहे," बाबा म्हणाले. "तळायचं विसरलेत."

त्यांनी चार खाल्ले.

पलीकडे म्युझियम आहे. लाकडी घरं, बोटी, रंगवलेल्या पेट्या. दोन तास हातात ठेवा. एका पेटीशेजारी काचेत जाडजूड पुस्तक होतं: नॉर्वेच्या राजांच्या जुन्या कथा. लोकरी जॅकेट घातलेल्या गाईडबाई म्हणाल्या, एका शेतकरी कुटुंबाने ते पेटीतून आणलं. घरात त्याला 'राजांचं पुस्तक' म्हणत. पोरं 'जाडं' म्हणत.

"आणि खरं नाव?" बाबांनी विचारलं. आवाज जरा चढाच होता.

खरं नाव लिहिणाऱ्याने दिलं होतं की नाही, कुणाला माहीत नाही, बाई म्हणाल्या. एका जुन्या हस्तलिखिताचं पहिलं पान हरवलं. उरलेला मजकूर 'जगाचं वर्तुळ' या दोन शब्दांनी सुरू होत होता. कित्येक शतकांनी लोकांनी तेच नाव धरलं. आता जगभरचे अभ्यासक तेच वापरतात. "वर्तुळाला त्यांचा शब्द क्रिंगला," त्या म्हणाल्या. "आत्ता खाल्लात तोच."

"वेट," ईरा म्हणाली. "म्हणजे जे फर्स्ट दिसलं, तेच टायटल?"

बाबांनी पिशवीतून प्रुफं काढली. ती सोबत होती हे मला माहीत नव्हतं. ईराने पहिल्या पानावर बोट ठेवलं. मराठी ती अक्षर लावत वाचते.

"सा-य-कल. मा-झी. सायकल माझी. सो क्यूट, आजोबा. डन."

मी हसले. गाईडबाई काही न कळता हसल्या. बाबा हसले नाहीत.

"तिसरा शब्द वाच."

"न-व्ह-ती."

सायकल अप्पांची होती. घरात एकच होती आणि शाळा अकरा किलोमीटरवर. नववीत अप्पांनी शाळा सोडली, पीठगिरणीत उभे राहिले आणि सायकल धाकट्याला दिली. बाबा इंजिनिअर झाले.

"दोन शब्दांवर थांबलो तर मी खोटा," बाबा म्हणाले. "तिन्ही घे."

आम्ही पार्किंगमध्ये वेड्यासारखे वागलो. ईरा गाडीभोवती तीन वेळा पळाली. ऐंशी ओलांडलेले बाबा तिच्या मागे अर्धी फेरी. मी संजयला नाव पाठवलं: 'सायकल माझी नव्हती'. तिकडे तो झोपला होता. आणखी सहा क्रिंगला घेतले.

परतताना बाबा हार्मनीपर्यंत गात होते. मग माझ्याकडे वळले.

"अप्पाला आवडेल ना? त्याने ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही."

"आजोबा, रिलॅक्स."

"तू गप्प बस. तुला दोन सायकली आहेत."

रॉचेस्टर गेलं. त्यांनी दर दहा मिनिटांनी फोन मागितला.

साडेसहाला घरी. पेटीवरचं रंगकाम मी विसरेन, गाईडबाईंचा चेहराही. वळणाचा रस्ता राहील. आणि प्रुफांवरचं ईराचं बोट, त्यावर क्रिंगल्याची साखर.

मी चहा ओतत होते तेव्हा संजयचा मेसेज आला. तिकडे पहाट. मी मोठ्याने वाचला: "अप्पांना सांगितलं. म्हणाले, विचार त्याला, परत कधी देतोस?"

बाबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिही," ते म्हणाले. "घंटी हरवली माझ्याकडून. बाकी सगळी आहे."