ओसरीतला आठवा माणूस

इथे परदेशात, बुकित बातोकला आमची साइट चालू आहे. मी परांची बांधतो. वर चढताना फोन खाली लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सोमण सर गेल्याची बातमी सकाळभर पत्र्याच्या त्या कप्प्यात पडून होती आणि मी वर पाइपांना क्लॅम्प आवळत होतो. जेवणाच्या सुट्टीत खाली आलो, हात धुतले, डबा उघडला आणि मग फोन बघितला. सरांच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, मिस्ड कॉल होते. त्याखाली मेसेज, "सर गेले. ये." डबा तसाच झाकला. सुपरवायझर अण्णांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. घरातलं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

मला लिहायची सवय नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. वहिनी म्हणाल्या, सरांबद्दल तू लिही, बाकीचे त्यांच्या ऑफिसबद्दल लिहितील. म्हणून चुकतमाकत लिहितोय.

सोमण सर मूळचे पुण्याचे. इथे मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचे मॅनेजर, चोआ चू कांगला फ्लॅट, बायको, एक मुलगी. नोकरीनिमित्त काही वर्षं जपानात काढली होती आणि तिथे त्यांना बेसबॉलचा नाद लागला, तो कायमचा. क्वीन्सटाउनजवळच्या एका मैदानावर त्यांची मंडळी रविवारी खेळायची. मी तेव्हा नवीन होतो. सुट्टीच्या दिवशी डॉर्मवर, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहात, नुसतं पडून राहिलं की घर आठवतं, म्हणून बसमध्ये बसायचो आणि वाटेल तिथे उतरायचो. तसा एकदा त्या मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. त्यांचा कॅचर, म्हणजे उकिडवा बसून बॉल झेलणारा, आला नव्हता. जाड चष्म्याचे एक गृहस्थ जाळीपाशी आले आणि हिंदीत म्हणाले, खेलोगे? माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "कुठले हो तुम्ही?" म्हटलं, जळगाव जिल्हा. "मग सॉफ्टबॉल खेळला असाल." मी शाळेत कॅचर होतो, जिल्ह्याकडून खेळलो होतो, पण ते बोलायला जीभ रेटली नाही. नुसता आत गेलो, मास्क घातला आणि उकिडवा बसलो. कितीतरी वर्षांनी बसलो होतो तसा. पहिला बॉल हातमोज्यात बसला तेव्हा मागून कोणीतरी पाठीवर तळहात टेकवला. ते सर होते.

मला अहोजाहो करणारा या देशातला तो एकटा माणूस. "प्रकाशराव, गुडघे काय म्हणतात?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. मी भित्रा. माझं परमिट बांधकामाचं. मैदानावर कोणी फोटो काढला, कोणाला वाटलं हा दुसरं काम करतो, तर थेट विमानात बसवतील, ही धाकधूक मला सारखी असायची. सरांनी ती पहिल्याच महिन्यात ओळखली. म्हणाले, "पैसे घेतले तर नोकरी, नाही घेतले तर खेळ. म्हणून मी तुम्हाला दमडीसुद्धा देणार नाही. कळलं?" आणि खरंच कधी दिली नाही. पुढे टीमचा माणूस खुशीने पाकीट पुढे करायला लागला तर माझ्याआधी त्यांनीच त्याचा हात मागे सारला. वहिनींची थालीपिठं मात्र दर रविवारी यायची. आणि एकदा एक नवाकोरा कॅचरचा हातमोजा आला. तोपर्यंत मी जे मोजे वापरले त्यात आधी दुसऱ्या कोणाचा तरी हात मुरलेला असायचा.

टीमचं सांगायला हवं. आखातात खेळायच्या एका स्पर्धेसाठी आपल्याकडच्या काही पैसेवाल्यांनी बेसबॉलची व्यावसायिक टीम काढली आणि तिचं बुलपेन उभारायचं काम सरांकडे आलं. बेसबॉलमध्ये बॉल फेकणारा तो पिचर. पहिला पिचर दमला की त्याच्या जागी दुसरा, मग तिसरा. हे बदली लोक मैदानाच्या कडेला एका कोपऱ्यात बसून राहतात, हात गरम करतात, बोलावणं आलं तर जातात, नाही आलं तर बसल्या जागी दिवस संपतो. त्या कोपऱ्याला बुलपेन म्हणतात. सर त्याला ओसरी म्हणायचे. मालकांना एक मोठ्या नावाचा परदेशी पिचर हवा होता. सर म्हणायचे, दिवाणखान्यात झुंबर लावायला सगळे तयार असतात, ओसरीवर सतरंजी टाकायला कोणी येत नाही. टीम हरते ती पहिल्या पिचरमुळे नाही. सलग तिसऱ्या दिवशी, शेवटच्या डावात, सगळे दमल्यावर ओसरीत जो उरलेला असतो, त्याच्यामुळे हरते. म्हणून त्यांना आठ माणसं हवी होती आणि आठवाही असा, की त्याला उठवताना कोचला दोनदा विचार करावा लागू नये.

ही माणसं त्यांनी कुठून आणली? क्रिकेटमध्ये कोपर वाकवून बॉल फेकला की नो-बॉल. फेकी बॉलर म्हटलं की गावात तोंड दाखवायची चोरी. बेसबॉलमध्ये तर फेकायचंच असतं. सर जिल्ह्याजिल्ह्यातल्या जुन्या अंपायरांना फोन करायचे आणि विचारायचे, तुम्ही फेकी म्हणून कोणाकोणाला बाहेर काढलंत? समोरचा आधी बिचकायचा. मग नावं यायची. त्यातलंच एक नाव सदाचं.

सदा सांगलीकडचा. डावखुरा, हात तिरका खालून यायचा, बॉल शेवटच्या क्षणी बाजूला पळायचा. जिल्ह्याच्या निवडीत त्याला एकाच षटकात चारदा नो-बॉल दिला, सगळ्या गावासमोर. मग तिथल्या कोचने त्याच्या कोपराला बांबूची कामटी बांधली आणि अख्खा मोसम तशी गोलंदाजी करायला लावली. हात सरळ झाला, पण वेग गेला आणि जिल्हाही गेला. तेव्हापासून टेनिस बॉलच्या स्पर्धांत या गावाकडून, त्या गावाकडून खेळायचा. त्यावरच त्याचं घर चालायचं. निवडलेल्या पोरांचं शिबिर सरांनी इथे आमच्या मैदानावर भरवलं, त्याला आला तेव्हा पहिल्या दिवशी मला म्हणाला, "दादा, हितं फेकलं तर चालतंय म्हणत्यात. खरं का?" सर मागून म्हणाले, "इथे नाही फेकलं तर घरी पाठवीन." तो पहिल्यांदा हसला. नंतर काय फेकायचा! हातमोज्याच्या आत माझी बोटं सुजायची.

टीमचा मुंबईचा माणूस सामना बघायला आला त्या दिवशी मात्र सगळं उलटं झालं. सदाला सातव्या डावात आणला. चार वाईट बॉल टाकले की समोरचा फुकट पहिल्या बेसवर जातो. सदाने ओळीने तिघांना फुकट सोडलं. बॉल माझ्या डोक्यावरून जात होते आणि त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. मुंबईचा माणूस, स्वतः एकेकाळचा क्रिकेटर, म्हणाला, सर, तुमचा आठवा नुसता जेवायला आहे. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते.

ते हॉस्पिटलमध्ये होते. त्याआधी काही रविवार त्यांचे डोळे पिवळट दिसत होते, मला वाटलं उन्हाने. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, एका वाक्यात, पाठ केल्यासारखं. मी डॉर्मच्या जिन्यात उभा होतो. फोन ठेवून तिथेच पायरीवर बसलो.

सामन्याचा व्हिडिओ त्यांच्या मुलीने, ईशाने, काढला होता. तो त्यांनी खाटेवर पडून पुन्हा पुन्हा बघितला आणि मला फोन केला. आवाज खोल गेला होता. "प्रकाशराव, सरावात तुमच्या मागे कोण असतं?" म्हटलं, कोणी नाही, जाळी. "आणि सामन्यात?" म्हटलं, अंपायर. "मग झालं तर. तो बॉल कुठे टाकायचा ते बघतच नाहीये. तो अंपायरकडे बघतोय." आणि खरंच, नंतर मी व्हिडिओ बघितला तर दिसलं. क्रिकेटमध्ये अंपायर बॉलरच्या मागे नाहीतर बाजूला असतो. इथे तो कॅचरच्या डोक्यावरून थेट पिचरच्या डोळ्यात बघतो. तसा कोणी उभा राहिला की सदाचं कोपर आपोआप ताठ व्हायचं. कामटी सुटून वर्षं झाली होती, पण आत ती तशीच होती.

शिबिराचे थोडेच दिवस उरले होते. हॉस्पिटलमधून घरी सोडल्याबरोबर सर टॅक्सीने मैदानावर आले. अंपायरचा मास्क आणला होता, काळा शर्ट आणला होता. कमरेला शर्टाचा नुसता बोंगा झाला होता. ईशा म्हणाली, "पपा, सिट डाउन लाह, प्लीज." ते म्हणाले, अंपायर बसत नाही. वहिनी जाळीपाशी पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. मी उकिडवा बसलो, सर माझ्या मागे वाकले आणि तोल सांभाळायला त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकवला. सदा समोर. पहिले कितीतरी बॉल वाया गेले. दर बॉलनंतर सर मास्क वर करून शांतपणे म्हणायचे, "फेक की रे. मी इथे तू फेकतोस का ते बघायलाच उभा आहे."

ते दुसऱ्या दिवशी आले, त्यानंतरही आले. कामावरून सुटून मी थेट तिथे जायचो. पाठीवरचा हात हलका होत चालला होता, नुसता कागद ठेवल्यासारखा. मला भीती वाटायची की एखादा बॉल माझ्याकडून निसटला तर यांना लागेल. एकही निसटू दिला नाही. आणि मग एके दिवशी हात एकदम जड लागला. मी वळून बघणार होतो, पण बघितलं नाही. कळलं होतं, की आता ते माझ्या पाठीवर उभे आहेत. मी गुडघे घट्ट रोवले. परांचीवर आम्ही वजन कुठे उतरतं ते आधी बघतो... तेवढंच मला येतं. त्याच दिवशी सदाचा हात मोकळा झाला. सरांच्या डोळ्यात बघून त्याने फेकला आणि बॉल शेवटच्या क्षणी बाजूला पळाला, जसा पळायला हवा तसा. सर इंग्रजीत "स्ट्राइक" म्हणाले. बॉल नीट पडला की अंपायरने मोठ्याने म्हणायचं असतं ते. आवाज माझ्यापर्यंतच आला.

शेवटच्या दिवशी मुंबईचा माणूस परत आला. खरा अंपायर उभा होता, सर जाळीपाशी खुर्चीत. सदाने तिघांना एकामागून एक परत पाठवलं. तो माणूस सरांकडे आला, वाकला आणि म्हणाला, "ठीक आहे सर. तो आहे." मी ऐकलं, वहिनींनी ऐकलं. सरांनी डोळे मिटले. घरी जाताना टॅक्सीत बसायला मी आधार दिला तर म्हणाले, "प्रकाशराव, आठ झाले." पुढे मी भेटायला जायचो तेव्हा ते गुंगीत असायचे. पूर्ण असं तेच शेवटचं वाक्य.

इथल्या मंडाई भागातल्या दाहिनीत सरांना अग्नी दिला तेव्हा पिचर पोरं केव्हाच आपापल्या गावी गेली होती. मी, वहिनी, ईशा, ऑफिसमधली माणसं, रविवारची मंडळी. माझ्या पायात कामाचेच बूट होते. ईशाने बटण दाबलं आणि माझ्या दंडाला घट्ट धरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सदाचा फोन आला. टीमच्या ऑफिसातून त्याला कोणा मुलीने कळवलं होतं. मालकांनी परदेशी पिचर घेतला, त्यामुळे ओसरीत सातच राहणार. आठवा कमी केला. मी त्या मुंबईच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. सदानेच विचारलं, "सरांस्नी कळलं न्हाई न्हवं?" म्हटलं, नाही, आधीच गेले. "मग बरं झालं," म्हणाला.

गेल्या आठवड्यात परत फोन. आता काय करतोस, विचारलं. म्हणाला, टेनिस बॉलची स्पर्धा होती, पोट आहे, गेलतो. पहिल्याच षटकात अंपायरने तीनदा हात आडवा केला आणि कप्तानाने त्याला सीमारेषेवर पाठवला. पुढच्या गावाने बोलावणंच रद्द केलं. "लई ताठ धरायला बघतो दादा. अंपायरकडं बघून आधी व्हायचं की आपोआप. आता कोपर सरळ हुतच न्हाई. सरांनी पार काढून टाकलंय बघा." तो हसत होता की काय, फोनवर कळलं नाही. तिकडे त्याची ओसरी गेली, इकडे क्रिकेटही गेलं. मी त्याला म्हटलं, हात थंड पडू देऊ नकोस, भिंतीवर फेकत राहा, टीमला सातात भागलं नाही तर... पुढचं मलाच खरं वाटेना. तो म्हणाला, फेकतोयच की, रोज.

वहिनींनी मला सरांचा अंपायरचा मास्क दिलाय. डॉर्मवर खाटेच्या दांडीला टांगलेला असतो. पण सर त्यात नाहीत. रविवारी मी अजून मैदानावर जातो. मास्क घालतो, उकिडवा बसतो. मागे कोणी नसतं, जाळी असते. तरी समोरच्याने हात मागे नेला की माझे गुडघे आपोआप रोवले जातात, कोणाचं तरी वजन उतरणार असल्यासारखे. आणि बॉल मी अजूनही निसटू देत नाही.