चिप्पीवरचं नाव

जुन्या कव्वाली-मुकाबल्यांची पोस्टरं जमवायचा मला नाद आहे. कुणी नवं पोस्टर आणलं की मी डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करतो. आधी पंखा बंद, चहा लांब. मग घडी कुठे पडली, कोपऱ्यांना टाचणीची भोकं किती, उन्हानं गुलाबी रंग किती उडाला, मागे खळ चिकटून आहे का, हे सगळं भिंगातून बघून कागदाला दर्जा द्यायचा. बायको म्हणते, मला बघायला आला तेव्हा एवढं निरखलं नव्हतं. खरंय. तेव्हा भिंग नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात दिग्रसच्या वाचनालयात माझ्या पोस्टरांचं प्रदर्शन ठरलं. ते ऐकून बाजारातली भाजीवाली मावशी घरी आली. वीस वर्षं मी तिच्याकडून सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतो. तिनं पिशवीतून एक पोस्टर काढलं.

"मास्तर, हे भिंतीवर लावसान का? माही लई इच्छा हाये."

कागद टणक, घड्या दोनच, शाई ताजी. मी खूश! पण मधोमध घोटाळा. मुख्य गायिकेच्या नावावर दुसऱ्याच बाईच्या नावाची छापील चिप्पी डकवलेली. ठिगळाचं पोस्टर भिंतीवर लावायचं नाही, हा माझा नियम. आणि मावशीचं मन मोडवेना. म्हटलं, चिप्पीच काढून टाकू, खालचं अस्सल निघेल. चहाच्या भांड्यावर वाफ देऊन मी एक कोपरा उचललासुद्धा.

मावशीनं माझं मनगट धरलं. "काहून सोलून राह्यले, मास्तर? ते माहं नाव हाये!"

मी चिप्पी पुन्हा वाचली. मावशीला मावशीखेरीज काही नाव असेल, हे वीस वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली, चांगलीच वाटली.

मग तिनं सगळं सांगितलं. बाहेरगावची मोठी गायिका ऐन दिवशी आली नाही. मंडळानं विहारात भीमगीतं म्हणणाऱ्या हिला उभं केलं. छापखान्यातल्या चाचांनी दुपारीच अक्षरांचे खिळे जुळवून चिप्प्या छापल्या आणि गावभर पोस्टरांवर डकवल्या.

"मंग लगन झालं, गाणं सुटलं. नातवायले सांगतलं तं हासतात. म्हनतात, आजी, तू अन् कव्वाली?"

मी ताजी खळ करून तो कोपरा परत बसवला, ठिगळासकट पोस्टरला पहिला दर्जा दिला आणि दारातून शिरताच दिसेल असं लावलं.

प्रदर्शनाला मावशी सगळी नातवंडं घेऊन आली. नातवंडं पोस्टरसमोर उभी राहून नाव अक्षर-अक्षर वाचत होती. तेवढ्यात यवतमाळहून आलेल्या माझ्यासारख्याच एका नादिष्टानं चिप्पीला भिंग लावलं आणि विचारलं, "याच्याखाली खरं नाव कोणाचं आहे?"

मावशी फाटकन म्हणाली, "कोनाचं का असंना! ते बाई आलीच नाई. गायली तं मी."