वॉर्डातला रोवणा

माझ्या दारावर आता ‘नृत्य-हालचाल मानसोपचार’ अशी पाटी आहे. सत्तरच्या दशकात मी शहरातल्या महाल भागात मुलींना कथक शिकवत होते, तेव्हा असं काही काम जगात असतं हे कुठून कळणार! एवढंच दिसायचं, की रडवेल्या तोंडानं आलेली पोरगी तासभर पाय आपटून हसत घरी जाते. हे औषध नाही, तर औषध म्हणतात तरी कशाला? हाच प्रश्न घेऊन मी मनोरुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे निघाले. बाबा म्हणाले, “जाऊन राहिली तर जा, पण घुंगरू बांधून जाऊ नको. तुलेच भरती करून घेतील.”

डॉक्टर माणूस भला, पण हट्टी. “करमणूक म्हणा, कधीही या. उपचार म्हणायचं असेल तर कोजागिरीपर्यंत काहीतरी करून दाखवा. नाहीतर बंद.” करमणूक हा शब्द मला झोंबला. हट्टी मीही होते.

बायकांच्या वॉर्डात दर मंगळवारी मी सगळ्यांना क्लासातल्या मुलींसारखं रांगेत उभं करू लागले. पुढे या, हात वर, ताल धरा! कोणी पुढे आलं नाही. दोघी-तिघी टाळ्या वाजवायच्या, बाकीच्या माझी गंमत पाहायच्या. पारशिवनीकडची एक बाई तर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. इथे आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. कोजागिरी तोंडावर आली आणि माझा धीर सुटायला लागला.

एके दिवशी वैतागून मी घुंगरू पिशवीतच ठेवले. म्हटलं, आज आपल्यापुरतं नाचू. नाचण्याआधी भूमीला नमस्कार करायचा, तिच्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागायची, ही आमची रीत. वॉर्डात मी ती घाईघाईत उरकत असे. त्या दिवशी निवांत वाकले आणि फरशीला हात लावला. घुंगरू वाजले नाहीत म्हणूनच असेल, त्या बाईनं मान वळवून पाहिलं. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच वाकली.

मी सरळ झाले, ती झालीच नाही. अंगठा आणि दोन बोटं तिनं फरशीत रोवली, एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा बोटं रोवली. नर्स ओरडली, “अवं, काय करून राहिली? उठ!” मी नर्सला हातानंच थांबवलं. मी ओळखलं होतं. हा तर रोवणा! चिखलात वाकून धानाची रोपं लावणाऱ्या बायका अशाच मागे मागे सरकतात. आणि मी शहाणी सगळ्यांना पुढे बोलावत होते!

पदर खोचून मी तिच्या शेजारी वाकले आणि तिच्याच लयीत मागे सरकू लागले. भिंत लांब जाऊ लागली. तिसरी बाई येऊन वाकली, मग आणखी दोघी. कोणीतरी गाणं धरलं. माझा पाय तिरका पडला, तशी शेजारून आवाज आला, “पाय पाहून टाक ना वं! रोप तुडवून राहिली.”

ती बोलली होती. मला रडू आणि हसू एकदमच आलं. पण थांबायची हिंमत कोणाची! मुकाट पाय सरळ केला.

गाणं ऐकून डॉक्टर दारात आले आणि बुटांसकट तडक मधोमध निघाले. तिनं वाकल्यावाकल्याच त्यांना झापलं, “डाक्टर, रोवणा दिसत नाही काय तुले? धुऱ्यानं ये ना गा!”

डॉक्टर जागीच थबकले. रिकाम्या फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मागे फिरून दारात बूट काढले आणि शेताच्या बांधावरून चालावं तसे भिंतीच्या कडेकडेनं, जपून पावलं टाकत माझ्यापर्यंत आले.

“उपचार मंगळवारीच ठेवायचा की रोज?” त्यांनी हळूच विचारलं.

“रोज,” मी म्हणाले आणि पुढचं रोप लावलं.