उडता घोडा आणि उडदाचे पापड

मी आठवीत होते. साल साठच्या आसपासचं. अमरावतीत आमच्या वर्गाला एका अद्भुत कादंबरीनं वेड लावलं होतं. मुखपृष्ठावर उडता घोडा, त्यावर राजपुत्र, खाली आग ओकणारा राक्षस. "अगंबाई, तू अजून वाचली नाहीस?" असं मुली नाक उडवून विचारायच्या. वाचनालयात प्रत एकच. माझा नंबर लागेतो उन्हाळ्याची सुट्टी आली.

मला त्या घोड्याकडून वेगळंच काम होतं. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर उडदाचे पापड लाटायला जमत. जी वाचून दाखवेल, तिला लाटणं माफ. गेल्या साली मी रटाळ पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी पोळपाट माझ्यापुढं आला. त्या घट्ट पिठानं मनगटं आठवडाभर ठणकत होती. यंदा मी आत्याला ऐटीत सांगितलं, "असं पुस्तक आणलंय, की लाटायचं विसराल सगळ्याजणी!"

आणि काय सांगू! अठ्ठेचाळीस पानं झाली तरी राजपुत्र घोड्यावर खोगीरच चढवत होता. वर आईचे अश्रू नि बापाचा उपदेश. शेजारच्या काकूंनी जांभई दिली. "काहून वं, हा पोट्टा घरून निघते का नाही?" आत्यानं दोऱ्यानं लाट्या कापता कापता पोळपाट माझ्याकडे सरकवला. मी घाईघाईनं पान उलटायला गेले, तर पुढची पानं जोडलेलीच! तेव्हा काही पुस्तकांची पानं वाचणाऱ्यालाच सुरीनं कापावी लागत. म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या शहाण्या कोणी याच्यापुढं गेल्याच नव्हत्या! असा संताप आला मला. पण पोळपाट समोर होता. मी पुस्तकात डोळे खुपसले आणि मनचंच वाचायला लागले.

पहिल्या झटक्यात राजपुत्र राक्षसाला गिळायला देऊन टाकला. राजकन्येला आमच्याकडच्या सेमाडोहच्या जंगलात धाडलं, राक्षसाला मिरच्यांची धुरी दिली. बायकांची लाटणी थांबली. तीन दिवस माझी चैन होती. तिसऱ्या दिवशी राजकन्येला विहिरीत पाडून मी पुस्तक मिटलं आणि ओसरीवरच विसरले.

चौथ्या दिवशी येऊन पाहते, तर पुस्तक आत्याच्या मांडीवर, शेजारी सुरी, पानं सगळी कापलेली.

"पीठ पुसाले घेतलं होतं," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून बसून सारं वाचलं. तो राक्षस तापानं मरते. घोडा उडते, तेही सपनात. काय भिकार पुस्तक आहे व माय!"

बायका येऊ लागल्या होत्या. मी आपणहून पोळपाटापुढं बसले. आत्यानं तो ओढून घेतला आणि पुस्तक माझ्या हातात कोंबलं.

"ते पोरगी कालपासून विहिरीत आहे, आधी तिले काढ," ती कानात म्हणाली. "आन याच्यातलं एक अक्षर जरी वाचलं, तर पोळपाट तुह्यापुढं!"